सलेमपुऱ्याची लोई

सरदार लखमीरसिंगच्या जथ्यात मरायची मुभा होती, मागे राहायची नव्हती. घोडा पडो, पाय तुटो, पोटात भाला जावो, सरदार स्वतः मागे फिरायचा आणि माणूस उचलून आणायचा. यमुनेच्या उतारावर तर त्यानं कमालच केली. दुआबातली लूट लादलेली सत्तर खेचरं सुखरूप अलीकडे आली होती, आणि मग कुणीतरी सांगितलं की एक खेचरवाला पलीकडे पडलाय, पायात गोळी लागून. साधा खेचरवाला, शिपाईसुद्धा नाही. सरदारानं तीनशे स्वार पुन्हा पाण्यात घातले. माणूस आणला, पण तोवर वरच्या उतारानं रोहिले आले आणि राखायला कुणी नाही असं बघून पन्नास खेचरं हाकत घेऊन गेले. बाकीच्या सरदारांनी कपाळाला हात लावला. पण त्या वर्षी लखमीरसिंगच्या जथ्यात भरती व्हायला साऱ्या माझा मुलुखातून रांगा लागल्या. मरायचंच आहे तर अशा माणसाच्या हाताखाली मरू, असं पोरांच्या आया म्हणायच्या.

अशा माणसाला लोक संत म्हणतात. त्याच्या तोंडावर कुणी तसं म्हटलं की लखमीरसिंग उठून घोड्यांकडे निघून जायचा. लोकांना वाटायचं, काय हा विनय. विनय कसला डोंबलाचा. त्याला ते ऐकवत नसे, एवढंच.

आता तो अठ्ठावन्न वर्षांचा झाला होता. डाव्या हाताची दोन बोटं अफगाणांशी लढताना गेलेली, एका डोळ्याला धूसर दिसायचं. अकरा गावं त्याच्या नावावर होती आणि त्यातलं सगळ्यात मोठं सलेमपुरा, जिथं त्याची मातीची गढी होती. नऊ विहिरी, नजर पुरेल तिथवर ऊस. शेजारच्या सरदार गोदडसिंगला हे गाव फार दिवसांपासून हवं होतं. लढून घ्यायची छाती नव्हती, म्हणून त्यानं रीत काढली.

रीत अशी. अफगाणांचं सरहिंद शहर पडलं तेव्हा खालसा घोडेस्वार चहूकडे सुटले होते. ज्यानं ज्या गावात आपल्या अंगावरची वस्तू टाकली, पगडी म्हणा, कमरबंद म्हणा, ते गाव त्याचं. दिवस मावळेपर्यंत कित्येक शूरवीर नुसत्या कछेऱ्यावर, म्हणजे आखूड चड्डीवर, घोडे पिटत होते. वस्तू गावच्या चौधरीनं जपून ठेवायची, ती खूण. सलेमपुऱ्याच्या चौधरीकडे अठ्ठावीस वर्षं एक अंगावर पांघरायची लोकरीची लोई घडी करून ठेवलेली होती, काठाला निळ्या दोऱ्याची वेल असलेली.

गोदडसिंगच्या घरच्या लग्नात फत्तू मिरासी वंशावळ गायला गेला होता. फत्तूच्या जिभेला हाड नव्हतं, आणि तशात दोन पेले पोटात गेलेले. तो म्हणाला, सलेमपुऱ्यात सरदारानं लोई टाकली म्हणतात, पण तासाभरानं तो आमच्या रोहण्यात आला आणि म्यान टाकून गेला, तेव्हा त्याच्या खांद्यावर लोई होतीच. मी थंडीनं कुडकुडत होतो, माझा डोळा त्या लोईवर होता. मग टाकलेली लोई वाटेत व्याली होती काय? सगळा मांडव हसला. गोदडसिंग हसला नाही. त्यानं दुसऱ्याच दिवशी पंथाच्या पाच जणांकडे तक्रार नेली की सलेमपुऱ्याची खूण लखमीरसिंगची नाहीच. चोरीची खूण ती खूण नव्हे, तेव्हा गाव मोकळं.

पाच जण आले, गुरुद्वाऱ्यात उतरले. त्यांतले वडील भाई अनोखसिंग, पांढऱ्या दाढीचे, हळू बोलणारे. त्यांनी लखमीरसिंगला सरळ विचारलं, आणि त्याच्या तोंडून सरळ उत्तर निघून गेलं की सोमांभाभीनं दोन लोया केल्या होत्या, एक तिच्या नवऱ्याला आणि एक मला. तो गेल्यावर दोन्ही माझ्याजवळ होत्या, त्यातली माझी मी टाकली. भाई अनोखसिंग म्हणाले, मग सोपंच आहे. उद्या सकाळी माई सोमां ग्रंथसाहिबांपुढे एवढंच सांगेल आणि गोदडसिंग घरी जाईल.

लखमीरसिंग गढीवर परतला. सोमांनं एकच लोई केली होती.

सोमांचा नवरा टेकसिंग. दोघांनी एकाच बाट्यातून, एकाच वाडग्यातून, खालशाच्या दीक्षेचं अमृत घेतलेलं, म्हणजे सख्ख्या भावांहून जवळचे. सरहिंदेहून दोघं बरोबरच निघाले होते. माघाचा महिना, हवा अशी की घोड्यांच्या तोंडच्या फेसाचं पाणी दाढीवर गोठावं. टेकसिंग उधळ्या स्वभावाचा. पहिल्याच दोन गावांत त्यानं पगडी आणि कमरबंद टाकून दिला आणि केसांचा जुडा उघडा ठेवून गात निघाला. दुपारी त्याच्या घोड्याचा पाय उंदराच्या बिळात गेला. घोडा गेला आणि टेकसिंगची मांडी मोडली.

लखमीरनं त्याला ओढून बाभळीच्या बुंध्याला टेकवलं. टेकसिंगच्या तोंडावरचा रंग उडाला होता, तरी थट्टा सुटली नव्हती. त्यानं अंगावरची लोई काढून लखमीरच्या हातात दिली. पुढे सलेमपुरा आहे, म्हणाला, ही माझ्या नावानं टाक. आणि येताना चार माणसं आणि एक खाट घेऊन ये, दिवस बुडायच्या आत. तोवर बसतो इथं. लखमीर म्हणाला, तुला थंडी वाजेल. तर टेकसिंग म्हणाला, सोमांनं केलेली लोई आहे, गाव मिळवून दिलं तर आणखी दहा करील.

लखमीर सलेमपुऱ्यात पोचला, लोई चौकात फेकली. चौधरीनं विचारलं, कुणाचं नाव घेऊ? नऊ विहिरी त्यानं मोजलेल्या होत्या. त्याच्या तोंडून स्वतःचं नाव निघालं. नंतर सुधारता येईल, असं तेव्हाच मनात आलं. आणि सुधारणार होताही, पण पूर्वेकडे दुसऱ्या स्वारांची धूळ उठलेली दिसली. ती दिसल्यावर मागे फिरायचं ते पुढे गेला. रोहण्यात म्यान टाकलं, मग जोडे, मग पगडी, मग कमरबंद. एक गाव, आणखी एक गाव. खाटेचं आठवत नव्हतं असं नाही. दर गावाला आठवत होतं. दर गावाला तो म्हणत होता, हे एवढं झालं की फिरतो. अंधार पडला तेव्हा तो नऊ कोस पुढे होता. तिथल्या लोकांनी शेकोटी केली, त्याला ऊन दूध दिलं, आणि तो झोपला.

दुसऱ्या दिवशी दुपारी तो खाट घेऊन आला. टेकसिंग तिथंच बसलेला होता. हात काखेत घातलेले, तोंड रस्त्याकडे.

सोमांला त्यानं सांगितलं की घोड्याखाली सापडून जागच्या जागी गेला. माझ्या मांडीवर डोकं होतं. वाहेगुरू म्हणाला आणि गेला. पदरात मूल नाही, माहेरी कुणी नाही, टेकसिंगची दोन गावं अफगाणांच्या पुढच्याच स्वारीत गेलेली, अशी ती बाई. लखमीरसिंगनं तिला गढीजवळ घर दिलं, म्हैस दिली, लंगरचं स्वयंपाकघर हाती दिलं. तिनं त्याला भाऊ मानलं. अठ्ठावीस वर्षं ती त्याला वीरा म्हणत होती, आणि अठ्ठावीस वर्षं तो तिच्या हातची रोटी मान खाली घालून खात होता.

तर त्या दिवशी दुपारी तो तिच्याकडे गेला. सोमां भट्टीपुढे बसून रोट्या फिरवत होती. चेहरा आगीनं तांबडा झालेला, पन्नाशी उलटली तरी हात तसाच चपळ.

"भाभी, उद्या तू काही बोलू नकोस," तो म्हणाला. "मी पंचांना सांगतो काय ते. ती लोई..."

"माझ्या हातची आहे, मला काय सांगतोस," सोमां म्हणाली. "पहिल्याच बैसाखीला चौधरीच्या घरी बघितली होती. वेल माझी. तीन ठिकाणी टाका चुकलेला, तोही माझाच."

लखमीरसिंग तिथंच पाटावर बसला.

"मग एवढी वर्षं बोलली नाहीस?"

"काय बोलायचं? माझ्या नवऱ्यानं जाताना तुझ्या अंगावर घातली असणार. ज्याच्या मांडीवर जीव गेला त्याला द्यायची नाही तर कुणाला द्यायची?" तिनं रोटी उलटली. "एकाच्या दोन केल्या म्हणून गुरू माझ्यावर रागवायचा नाही. खोटं असेल, पण गोदडसिंगच्या खऱ्यापेक्षा बरं आहे. तू जा वीरा, घोड्यांना पाणी दाखव. तोंड काय उतरलंय तुझं."

आता सांगायला हवं होतं. अर्धं तिला कळलेलंच होतं, आणि उरलेलं अर्धं म्हणजे सगळं होतं. लखमीरसिंगनं तोंड उघडलं. तेवढ्यात तिनं ताज्या रोटीवर लोणी घालून त्याच्या हातात दिली, खा म्हणाली, आणि त्यानं ती खाल्ली. ज्यानं तोफांसमोर घोडा घातला होता तो माणूस एका बाईपुढून रोटी खाऊन गुमान निघून गेला.

सकाळी गुरुद्वाऱ्याचं अंगण भरलं. जथ्यातले जुने स्वार आले होते, ज्यांना त्यानं खांद्यावरून आणलं होतं ते लंगडेपांगळेही पुढे बसले होते. यमुनेवरचा तो खेचरवाला काठी टेकत आला होता. गोदडसिंग आपली माणसं घेऊन एका बाजूला. फत्तू मिरासीला उभं केलं, तेव्हा शुद्धीत असल्यामुळे त्याची पाचावर धारण बसलेली. पण पाहिलं ते पाहिलं असं तो म्हणाला. खांद्यावर लोई होती, सरदारजी माफ करा, होती.

भाई अनोखसिंगांनी सोमांला बोलावलं. ती उठली, डोक्यावरची ओढणी सारखी केली आणि ग्रंथसाहिबांकडे चालू लागली. तिच्या चालण्यात जराही अडखळणं नव्हतं. उभ्या आयुष्यात ती बाई खोटं बोलली नव्हती, आणि पहिलं खोटं ती गुरूसमोर बोलायला निघाली होती, तेही ज्यानं तिचं सगळं नेलं त्याच्यासाठी. लखमीरसिंगला हे पाहवेना. गावाचं काही नव्हतं. गाव जळो. पण ही बाई त्याच्या खोट्यावर स्वतःचं इमान उभं करणार, हे त्याच्या हाडांना सोसेना.

"थांब भाभी," तो म्हणाला आणि उठून हात जोडून उभा राहिला. "तुझ्या हातची लोई एकच होती. टेकसिंगची. त्यानं ती त्याच्या नावानं टाकायला दिली होती, मी माझ्या नावानं टाकली."

अंगणात कुजबुज झाली. गोदडसिंगच्या माणसांनी एकमेकांकडे बघितलं. सोमां मागे वळली आणि समजूत काढावी तसं म्हणाली, बरं, मेलेल्या माणसाची होती, त्यात एवढं काय.

"मेला नव्हता," लखमीरसिंग म्हणाला. "माझ्या मांडीवर कुणी मेलं नाही. मांडी मोडली होती, बाकी चांगला होता. हसत होता. दिवस बुडायच्या आत खाट घेऊन ये म्हणाला. मी आणखी चार गावं घेतली. दुसऱ्या दिवशी दुपारी आलो. तो थंडीनं गेला होता."

काठीवर रेललेल्या खेचरवाल्यानं मान खाली घातली. ज्या गोष्टीसाठी ही माणसं त्याच्या पाया पडत आली होती ती कुठून आली, ते त्यांना आता कळत होतं, आणि कळून त्यांना बरं वाटत नव्हतं.

सोमां दोन पावलं त्याच्याकडे आली. मग तिनं एकच विचारलं.

"त्या रात्री तुझी लोई कुठं होती?"

"माझ्या अंगावर," लखमीरसिंग म्हणाला.

तिनं मान हलवली, जशी एखाद्यानं वाट सांगितल्यावर हलवतात, आणि जाऊन बायकांमध्ये बसली.

पाच जण आत गेले आणि थोड्या वेळानं बाहेर आले. भाई अनोखसिंगांनी निवाडा सांगितला. खूण टेकसिंगची, म्हणून गाव टेकसिंगचं, म्हणजेच माई सोमांचं. गोदडसिंगनं घरी जावं. लखमीरसिंगला तनखाह, म्हणजे चुकीची शिक्षा, ती अशी की सात दिवस सकाळ ते दुपार त्यानं गुरुद्वाऱ्याच्या दारात बसून संगतीचे, म्हणजे तिथं जमणाऱ्या साऱ्यांचे, जोडे पुसावेत. आठव्या दिवशी अरदास, म्हणजे प्रार्थना, आणि मग विषय संपला. मग भाई अनोखसिंगांनी सगळ्यांकडे बघून नेहमीचा नियम सांगितला. आपण होऊन चूक सांगितलेल्या माणसाला तनखाह दिली की त्याला पुन्हा कुणी बोल लावायचा नाही. घरात नाही, चावडीवर नाही, भांडणातसुद्धा नाही. पंथानं माफ केलं म्हणजे सगळ्यांनी केलं.

लखमीरसिंगनं डोकं जमिनीला टेकवलं. यापेक्षा तोफेच्या तोंडी दिलं असतं तर बरं, असं त्याला वाटलं. अठ्ठावीस वर्षं त्याला वाटत आलं होतं की हे बाहेर आलं तर सोमां त्याच्या दाढीला हात घालील, शिव्या देईल, तळतळाट देईल. त्या शिव्यांची त्यानं जवळजवळ वाट बघितली होती. आता त्याही पंचांनी बंद केल्या.

सोमांला विचारलं, माई, गावाचं काय करणार? ती म्हणाली, गाव लंगरला द्या. लोक जेवू देत. माझ्या घशाखाली त्या गावचा दाणा उतरायचा नाही. एवढं बोलून ती स्वयंपाकघरात गेली, कारण दुपारच्या रोट्या व्हायच्या होत्या.

दुसऱ्या दिवसापासून लखमीरसिंग दारात बसला. जेठातलं ऊन, दिवस वर आला की अंगणातली फरशी तव्यासारखी तापायची. लोक येत, मान खाली घालून जोडे काढत आणि आत जात. तो एकेक जोडा उचलून ओढणीच्या फडक्यानं पुसायचा, तीन बोटांच्या हातात धरून, आणि ओळीनं लावायचा. आपल्या स्वारांचे जोडे तो ओळखायचा. खेचरवाल्याचा एकच जोडा असायचा, दुसऱ्या पायाला चिंधी गुंडाळलेली असे. फत्तू मिरासी तर आपले जोडे काखेत मारून आत घुसायला बघत होता, त्याला लखमीरसिंगनं दटावलं की ठेव खाली, नाहीतर माझी तनखाह अपुरी राहील. फत्तूनं डोळे पुसत ठेवले.

खरं म्हणजे तो एकाच जोडीची वाट बघत होता. टाचेला ठिगळ लावलेली, सोमांची जुनी जुत्ती. तो जोडा पुसायचा म्हणून त्यानं एक स्वच्छ फडकं वेगळं ठेवलं होतं. पहिल्या दिवशी दिसली नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. त्याला वाटलं, ती येतच नसेल, मी बसलोय तिथून तिला पाय टाकवत नसेल. तिसऱ्या दिवशी त्यानं फत्तूला हळूच विचारलं.

"येते की रोज," फत्तू म्हणाला. "सगळ्यांच्या आधी येते, अजून उजाडलेलं नसतं. पाठ संपेपर्यंत बसते."

चौथ्या दिवशी पाठ संपला तेव्हा लखमीरसिंगनं मान वर ठेवली. लोक बाहेर आले, जोडे घालून गेले. सगळ्यात शेवटी सोमां आली. अनवाणी. पायऱ्या उतरून ती तापल्या फरशीवर आली आणि घाई न करता, पावलं न चोरता, नेहमीच्या चालीनं त्याच्या पुढून निघाली. पायाच्या कडा लाल झाल्या होत्या, टाचेला फोड आलेला होता. ती घरूनच अनवाणी येत होती, चार दिवस.

"भाभी," तो म्हणाला. "जोडे घालत जा. पाय भाजतात."

सोमां थांबली. रागानं नाही, प्रेमानंही नाही, वाटेत भेटलेल्या कुणाशीही बोलावं तशी ती बोलली.

"सातच दिवसांचा प्रश्न आहे, सरदारजी."

आणि ती उन्हातून स्वयंपाकघराकडे गेली. नियम तिनं मोडला नव्हता, बोल लावला नव्हता, कुणाला काही सांगितलंही नव्हतं. लखमीरसिंग ती दिसेनाशी होईपर्यंत बघत राहिला. मग त्यानं समोरचा जोडा उचलला आणि पुसायला घेतला. तो दुसऱ्याच कुणाचा तरी होता.